रिबूट केला की चालतो, पंधरा दिवसांनी परत झोपतो: फाइल सिस्टीममधली रेस कशी पकडायची

रेस म्हणजे दोन कोअर (प्रोसेसरचे एकाच वेळी काम करणारे भाग) एकाच गोष्टीला एकदम हात लावतात आणि कोण आधी पोचतं त्यावर निकाल ठरतो. आमच्याकडे हा प्रॉब्लेम जवळजवळ दीड वर्ष होता, चार वेळा "फिक्स" झाला आणि चारही वेळा परत आला, म्हणून सगळं नीट लिहून ठेवतेय. तुमचा स्वतःचा कर्नल मॉड्यूल (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात जोडलेला कोड) असेल, फाइल सिस्टीम असेल किंवा फाइल सिस्टीमवर बसणारा एखादा थर असेल, आणि बॉक्स कधीतरी, काही कारण नसताना, दर वेळी वेगळ्याच फंक्शनमध्ये ऊप्स (कर्नलचा एरर रिपोर्ट) देऊन पडत असेल, तर बहुतेक तुमचंही दुखणं हेच आहे.

आमचं ऑफिस अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत, काम सीसीटीव्ही रेकॉर्डिंगच्या बॉक्सचं. आत लिनक्स, आणि खालच्या फाइल सिस्टीमवर आमचा स्वतःचा एक मॉड्यूल. रेकॉर्डिंग छोट्या छोट्या क्लिपमध्ये पडतं, डिस्क भरत आली की साफसफाईचा थ्रेड सगळ्यात जुनी क्लिप उडवतो, आणि त्याच वेळी कुणीतरी मॉनिटरसमोर बसून जुनं फुटेज बघत असतो. प्रत्येक क्लिपसाठी मेमरीत एक ऑब्जेक्ट, सगळे ऑब्जेक्ट एका हॅश टेबलात (पटकन शोधता येईल अशा यादीत), टेबलावर एक स्पिनलॉक (मिळेपर्यंत न झोपता वाट बघायचं कुलूप), प्रत्येक ऑब्जेक्टला एक काउंट, आत्ता तो किती जण वापरतायत याचा. काउंट शून्य झाला की ऑब्जेक्ट फ्री. इतकंच. कोड वाचला तर कुणालाही बरोबर वाटेल, मलाही वाटला होता, मी तो तीन वेळा रिव्ह्यू केलाय.

पडायचा कधी, तर दोन आठवड्यांतून एकदा. भिवंडीच्या एका गोदामातला बॉक्स जास्त पडायचा, बाकीचे कमी. एकदा ऊप्स आमच्या रीड फंक्शनमध्ये, एकदा मेमरी ॲलोकेटरच्या आत, एकदा चक्क नेटवर्कच्या कोडमध्ये जिथे आमचा काहीच संबंध नाही. ही पहिली खूण लक्षात ठेवा. जागा दर वेळी बदलतेय म्हणजे जिथे पडला तिथे चूक नाहीये, चूक आधी कुठेतरी होऊन गेलीय, कुणीतरी फ्री झालेली मेमरी अजून वापरतंय आणि ती मेमरी दरम्यान ज्या बिचाऱ्याला मिळाली तो मरतोय.

आता आम्ही आधी काय काय केलं ते सांगते, कारण या वाटेने सगळेच जातात आणि त्यात महिने वाया जातात.

सुरुवात जूनमध्ये झाली, मुंबईचा पावसाळा, त्यामुळे सगळ्यांनी आधी लाइट, यूपीएस आणि डिस्कला धरलं. डिस्क बदलली, यूपीएस बदलला, अर्थिंग तपासून घेतलं, तीन आठवडे शांत गेले, परत पडला. मग मी प्रिंटके (कर्नलच्या लॉगमध्ये ओळ छापणारं फंक्शन) टाकले, क्लिप घेताना एक, सोडताना एक. सहा आठवडे एकदाही पडला नाही! आम्ही समजलो की सोबत जो दुसरा एक छोटा बदल गेला होता त्याने काम झालं, रिलीज करताना प्रिंटके काढले, आणि नवव्या दिवशी भिवंडीहून फोन. प्रिंटके टाकल्यावर बग पळून जातो ही दुसरी खूण. प्रिंटके म्हणजे नुसतं छापणं नाही, त्याला वेळ लागतो, तो आत स्वतःची लॉक घेतो, त्यामुळे दोन कोअरचं टायमिंग बदलतं आणि जी फट होती तिच्यात नेमकं कुणी सापडत नाही. फट असते तशीच.

तिसरा उपाय आमच्यातल्या एका ज्युनिअर मुलीने सुचवला, हुशार आहे, दोन वर्षं झालीयत तिला. "ताई, फ्री केल्यावर पॉइंटर नल करूया आणि वापरायच्या आधी चेक टाकूया, झालं ना?" मी तिला म्हटलं, "अगं, तू नल करतेयस तो तुझ्याकडचा पॉइंटर, दुसऱ्या कोअरने त्याची कॉपी आधीच स्वतःच्या रजिस्टरमध्ये घेतलीय, ती कशी नल होणार?" आणि समजा दोघांचा पॉइंटर एकच असला तरी चेक केला त्या क्षणी तो नल नव्हता, पुढच्या ओळीला फ्री झाला. लोकलमध्ये आपण विचारतो ना "कुठे उतरणार?", समोरचा म्हणतो दादर, आपण निश्चिंत, आणि दादरला तो उठून आपण बॅग सावरेपर्यंत बाजूची बाई बसलेली असते. विचारलं तेव्हा उत्तर खरंच होतं. विचारणं आणि बसणं यांच्यामध्ये वेळ गेला, तिथे घोळ झाला. फाइल सिस्टीममधल्या बहुतेक रेस याच जातीच्या, आधी तपासायचं आणि मग करायचं, आणि मध्ये दार उघडं.

चौथा उपाय सगळ्यात महाग पडला. "सगळ्यालाच एक मोठा म्यूटेक्स लावून टाकू." म्यूटेक्स म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक. लावला. क्रॅश थांबले आणि बॉक्स अडकायला लागला, गोदामाच्या सुपरवायझरचा फोन, "मॅडम, बॉक्सचा दिवा चालू आहे पण काहीच होत नाहीये." लॉगमध्ये "टास्क ब्लॉक्ड फॉर मोर दॅन १२० सेकंद्स". झालं असं होतं की आम्ही तो म्यूटेक्स हातात धरून जीएफपी_कर्नलने (मेमरी मागायची नेहमीची पद्धत) मेमरी मागत होतो, मेमरी कमी पडली की कर्नल ती मिळवायला फाइल सिस्टीमकडेच येतं, इनोड (प्रत्येक फाइलची मेमरीतली नोंद) मोकळे करा म्हणतं, इनोड मोकळा करायला आमचंच फंक्शन चालतं, आणि त्याला तोच म्यूटेक्स हवा. स्वतःच स्वतःची वाट बघत बसला. फाइल सिस्टीमचं लॉक धरून मेमरी घ्यायची असेल तर जीएफपी_एनओएफएस (मेमरी दे, पण त्यासाठी फाइल सिस्टीमकडे येऊ नको) वापरा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे मेमॲलॉक_नोएफएस_सेव्ह आणि रिस्टोअर या जोडीच्या मध्ये तो भाग ठेवा, ही जोडी २०१७ पासून, ४.१२ कर्नलपासून आहे. असो, तो म्यूटेक्स आम्ही काढला.

इथे मी थांबले आणि म्हटलं, आता कोडला हात लावायचा नाही, आधी पुरावा.

पहिला पुरावा स्लब_डीबगने, म्हणजे कर्नलच्या मेमरी ॲलोकेटरमधल्या तपासणीच्या सोयीने, दिला. बूट पॅरामीटरमध्ये पॉइझनिंग चालू केलं की कर्नल फ्री झालेली मेमरी ६बी या बाइटने रंगवून ठेवतं. पुढचा ऊप्स आला त्यात रजिस्टरमध्ये सरळ ६बी६बी६बी६बी६बी६बी६बी६बी. मुलुंड ते घाटकोपर उभ्याने मोबाइलवर तो लॉग बघत होते आणि ती ओळ दिसली तेव्हा अंगावर काटा आला, दीड वर्षात पहिल्यांदा काहीतरी नक्की कळलं होतं. ६बी दिसला की डिस्क, यूपीएस, पाऊस सगळे निर्दोष, यूज-आफ्टर-फ्री, म्हणजे फ्री झालेल्या मेमरीचा वापर आहे, विषय संपला.

मग ऑफिसमधल्या मशीनवर केसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं टूल) लावून कर्नल बांधलं. केसॅन २०१५ पासून मुख्य कर्नलमध्ये आहे, ४.० पासून. मेमरीचा आठवा भाग स्वतःच्या नोंदींसाठी खातं आणि सगळं चांगलंच हळू करतं, म्हणून गिऱ्हाइकाच्या बॉक्सवर नाही चालवायचं, पण रिपोर्ट देतं तो असा की कुणी हात लावला, ही मेमरी कुणी घेतली होती आणि कुणी फ्री केली, तिन्हींचे स्टॅक (कुठल्या फंक्शनने कुणाला बोलावलं ती यादी) एकाखाली एक. पण त्यासाठी बग घडायला तर हवा! आमच्या टेबलावर तो दोन दोन दिवस घडत नव्हता.

म्हणून दुसरी गोष्ट केली, आणि ही मी प्रत्येकाला सांगते की आजच करा, बग असो वा नसो. आमचा काउंट साधा ॲटॉमिक_टी (अनेक कोअरनी बदलला तरी न चुकणारा आकडा) होता, तो बदलून रेफकाउंट_टी केला. २०१७ मध्ये, ४.११ ला, हा प्रकार कर्नलमध्ये आला. साधा ॲटॉमिक शून्यावरून एक व्हायला सांगितलं तर गुपचूप होतो, रेफकाउंट_टी ओरडतो. तिसऱ्या दिवशी डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) आलं: "रेफकाउंट_टी: ॲडिशन ऑन झीरो, यूज-आफ्टर-फ्री", खाली स्टॅक, स्टॅकमध्ये आमचं क्लिप शोधायचं फंक्शन. म्हणजे जो काउंट शून्य झालाय, ज्याची तिरडी बांधलीय, त्याला कुणीतरी परत जिवंत करत होतं.

त्या दिवशी कागद घेतला, मध्ये उभी रेघ मारली, डावीकडे एक कोअर, उजवीकडे दुसरा, आणि ओळ न् ओळ लिहिली. हे कागदावरच करा, डोक्यात करू नका, डोक्यात आपण नकळत एक फंक्शन पूर्ण करूनच दुसऱ्याकडे जातो. आमचं निघालं ते असं:

पहिला कोअर, क्लिप सोडतोय: काउंट १ वरून ० केला, "मीच शेवटचा, आता फ्री करायचं" असं ठरवलं.
दुसरा कोअर, क्लिप शोधतोय: टेबलाचं लॉक घेतलं, क्लिप अजून टेबलातच आहे, सापडली, काउंट ० वरून १ केला, लॉक सोडलं, पॉइंटर घेऊन गेला.
पहिला कोअर: आता टेबलाचं लॉक मिळालं, क्लिप टेबलातून काढली, लॉक सोडलं, मेमरी फ्री.
दुसरा कोअर: ज्या मेमरीत आता दुसऱ्याच कुणाचं काहीतरी आहे तिथे वाचतोय, लिहितोय.

काउंट शून्य होणं आणि टेबलातून नाव निघणं, या दोन वेगळ्या गोष्टी होत्या आणि मध्ये फट.

मी लहानपणी लालबागला चाळीत वाढले. तळमजल्यावर अभ्यासिका होती, नियम असा की शेवटी जो निघेल त्याने कुलूप लावायचं, किल्ली शेजारच्या काकूंच्या दाराला खिळ्यावर. दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत एकदा शेवटच्या मुलाने आत बघितलं, कुणी नाही, तो किल्ली आणायला गेला, काकूंशी दोन शब्द बोलला, तेवढ्यात माझा मामेभाऊ आत जाऊन कपाटामागच्या बाकावर बसला. तो मुलगा आला, दार ओढलं, कुलूप लावलं. परत आत डोकावला नाही, कारण डोकावून झालं होतं ना. भाऊ संध्याकाळपर्यंत आत, शेवटी खिडकीतून हाका मारल्या तेव्हा मामी धावली. त्यानंतर चाळीत नियम बदलला, आधी किल्ली आणायची, दारात उभं राहायचं, मग आतली माणसं मोजायची. आमचा बग हुबेहूब हाच होता, आणि उपायही तोच निघाला.

पण उपायाच्या आधी फट रुंद करा. ही या सगळ्यातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे आणि हीच लोक करत नाहीत. काउंट शून्य केला ती ओळ आणि टेबलाचं लॉक घेतलं ती ओळ, त्यांच्या बरोबर मध्ये एमडिले (मुद्दाम थांबायला लावणारं फंक्शन) टाकला, २० मिलिसेकंद. आधी फट काही नॅनोसेकंदांची होती, दुसरा कोअर तिथे सापडायला नशीब लागायचं, आता लाखो पटीने मोठी झाली. एका टर्मिनलवर लूपमध्ये तीच क्लिप उघड-बंद, दुसऱ्यावर साफसफाई, आणि खालच्या टपरीवरून कटिंग यायच्या आत केसॅनचा रिपोर्ट स्क्रीनवर. दीड वर्ष जो पंधरा दिवसांनी एकदा यायचा तो आता म्हणाल तेव्हा येतोय! आमची ती ज्युनिअर पोरगी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवायला लागली. एमडिले कुठे टाकायचा याची एकच काळजी घ्या, तो कोअर अडवून बसतो, झोपत नाही, म्हणून स्पिनलॉक धरलेला असला तरी चालतो, पण तिथे झोपणारा एमस्लीप टाकलात तर नवाच बग तयार कराल. आणि डिले फक्त संशयाच्या जागी टाका. सगळीकडे टाकलात तर सगळंच सारखं हळू होतं आणि फट पुन्हा तेवढीच राहते.

मग प्रश्न आला की इतकी वर्षं हा कोड चालला कसा. जुना बॉक्स चार कोअरचा होता, नवा आठचा, आणि साफसफाईचा थ्रेड आधी तासाला एकदा धावायचा तो आम्ही मिनिटाला केला होता. भिवंडीला कॅमेरे जास्त म्हणून तिथे क्लिपची उलाढालही जास्त. चूक पहिल्या दिवसापासून होती. मोठ्यांचंही असंच होतं बरं का. २०१६ मध्ये जी डर्टी काऊ नावाने गाजली, सीव्हीई-२०१६-५१९५, तीही रेसच, फक्त वाचता येईल अशा फाइलमध्ये साधा युजर लिहू शकत होता, आणि ती २००७ च्या २.६.२२ पासून कर्नलमध्ये होती. लिनस टोरवाल्ड्स यांनी तो फिक्स टाकताना लिहिलंय की अकरा वर्षांपूर्वी आपणच हे दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता, आयबीएमच्या एस३९० मशीनवर अडचण आली म्हणून तो मागे घेतला गेला, आणि तेव्हा जी रेस निव्वळ थिअरी होती ती दरम्यान घडवायला सोपी झाली. तेव्हा "असं प्रत्यक्षात कधी होणार आहे" हे वाक्य रिव्ह्यूमध्ये कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

आता उपाय. पहिला सोपा, शोधताना काउंट नुसता वाढवायचा नाही, रेफकाउंट_इंक_नॉट_झीरो वापरायचं, शून्य असेल तर "सापडली नाही" म्हणायचं. लॉक आहेच, ऑब्जेक्ट टेबलातून निघाल्याशिवाय फ्री होत नाही, म्हणजे लॉकच्या आत हात लावणं सुरक्षित. हे केलं, डिले तसाच ठेवून रात्रभर चालवलं, एकही ऊप्स नाही. मी त्या दिवशी घरी जाताना मरोळ नाक्याला मेट्रोत बसले तेव्हा वाटलं झालं एकदाचं.

नव्हतं झालं. चार दिवसांनी टेस्टिंगवाल्याने दाखवलं की कधीतरी एखाद्या क्लिपची लांबी चुकीची पडते, फुटेज आहे पण शेवटचे काही सेकंद दिसत नाहीत. क्रॅश नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. हे क्रॅशपेक्षा वाईट, कारण चोरी झाली तर नेमके तेच सेकंद लागतात.

परत कागद, परत उभी रेघ. शोधणाऱ्याला "सापडली नाही" मिळालं की तो काय करतो? डिस्कवरून वाचून नवा ऑब्जेक्ट बनवतो. आणि जुना ऑब्जेक्ट, ज्याचा काउंट शून्य झालाय, तो जाता जाता शेवटची लांबी डिस्कवर लिहीत असतो. म्हणजे एकाच क्लिपचे दोन ऑब्जेक्ट, नव्याने जुनी लांबी वाचली, मग जुन्याने नवी लांबी लिहिली, मग नव्याने त्याच्यावर जुनी लिहिली. एक बंद केलेली फट, शेजारी दुसरी.

इथे व्हीएफएसचा (सगळ्या फाइल सिस्टीमच्या वरचा कर्नलचा सामाईक थर) कोड उघडून बघा, खरंच बघा, एफएस फोल्डरमधली इनोड.सी ही फाइल, कारण हा प्रश्न त्यांनी कधीच सोडवलाय. तिथे जाणाऱ्या इनोडवर आय_फ्रीइंग असा झेंडा लागतो, तो हॅशमध्येच राहतो, आणि शोधणाऱ्याला तसा इनोड दिसला तर तो "नाही" म्हणत नाही, थांबतो, जुना पूर्ण जाईपर्यंत थांबतो, आणि मग पुन्हा पहिल्यापासून शोधतो. आयग्रॅब (इनोडचा काउंट वाढवणारं फंक्शन) सुद्धा असा इनोड असेल तर नल देतो. आम्ही तेच केलं. सोडताना रेफकाउंट_डेक_अँड_लॉक, म्हणजे काउंट शून्यावर जाणार असेल तर ते टेबलाचं लॉक हातात असतानाच होतं, आधी किल्ली मग मोजणी. शून्य झाला की त्याच लॉकमध्ये "जातोय" झेंडा, मग लॉक सोडून लांबी डिस्कवर लिहायची, कारण स्पिनलॉक धरून डिस्कवर लिहिता येत नाही, लिहून झालं की परत लॉक, टेबलातून बाहेर, वाट बघणाऱ्यांना उठवायचं, आणि शेवटी फ्री.

यात तीन ठिकाणी आम्ही अडखळलो. वाट बघायची रांग आधी क्लिपच्या ऑब्जेक्टमध्येच ठेवली होती, आणि तो तर फ्री होणार, म्हणजे झोपलेला जागा होतो तो मेलेल्या रांगेत, परत तीच कथा, म्हणून रांग टेबलाच्या खणात हलवली. दुसरं, रांगेत नाव घालायचं ते लॉक सोडायच्या आधी, प्रिपेअर_टू_वेट आधी आणि अनलॉक नंतर. उलटं केलंत तर तुम्ही अनलॉक करून झोपायच्या मधल्या वेळात उठवणारा उठवून निघून जातो आणि तुम्ही कायमचे झोपता. तिसरं, जाग आल्यावर जुन्या पॉइंटरकडे ढुंकूनही बघायचं नाही, त्याचा झेंडा गेला का तेही तपासायचं नाही, सरळ टेबलात पहिल्यापासून शोधायचं.

मग तपासणी. दोन्ही फटींमध्ये डिले ठेवून, क्यूएमूमध्ये (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) चार कोअरच्या मशीनवर आठ व्हर्च्युअल सीपीयू देऊन, म्हणजे मध्येच कुठलाही सीपीयू थांबवला जातो आणि विचित्र टायमिंग आपोआप मिळतं, केसॅन लावून तीन रात्री. शिवाय एकदा फिक्स काढून तीच टेस्ट चालवली आणि ती लगेच पडली हे डोळ्यांनी बघितलं. हे वगळू नका. फिक्स काढल्यावरही जी टेस्ट पास होते ती फिक्सबद्दल काहीच सांगत नसते, आमचे सहा आठवडे अशाच टेस्टवर विश्वास ठेवण्यात गेले होते. त्यानंतर केसीसॅन (रेस शोधणारं टूल) चालवलं, हे २०२० च्या ५.८ पासून आहे. त्याची युक्ती आपल्या डिलेसारखीच आहे, मधूनच एखाद्या मेमरी ॲक्सेसवर पहारा बसवतं, थोडं थांबतं, डिफॉल्ट ८० मायक्रोसेकंद, आणि तेवढ्यात दुसऱ्या कोअरने तिथे हात घातला तर दोघांचे स्टॅक छापतं. आम्हाला त्यात आणखी एक मिळालं, क्लिपचे फ्लॅग एक थ्रेड लॉकमध्ये बदलतो आणि दुसरा लॉकशिवाय वाचतो. तिथे पोरीने रीड_वन्स टाकला आणि रिपोर्ट गायब झाला, पण मी तो पॅच परत पाठवला. रीड_वन्सने कंपायलर ती व्हॅल्यू तुकड्यात किंवा दोनदा वाचत नाही एवढंच होतं, वाचून झाल्यावर ती बदलायची राहत नाही, आणि आमचा पुढचा निर्णय त्या व्हॅल्यूवर होता. तिथे लॉकच हवं होतं. टूल गप्प झालं म्हणजे बग गेला असं समजू नका.

बत्तीस बिटवाले कुणी असतील तर एक वेगळं. फाइलची साइज चौसष्ट बिटची असते, बत्तीस बिटच्या प्रोसेसरवर ती दोन हप्त्यांत लिहिली जाते, मध्ये वाचलीत तर अर्धी जुनी अर्धी नवी. म्हणून आय_साइझ_रीड आणि आय_साइझ_राइट वापरा, थेट फील्डला हात लावू नका. आणि आय_साइझ_राइट करताना इनोडचं लॉक धरलेलंच हवं, नाहीतर दोन लिहिणारे एकदम आले की आतला सीक्वेन्स काउंटर बिघडतो आणि वाचणारा कायमचा गोल फिरत राहतो. आमचा जुना एआरएम बॉक्स असा एकदा शंभर टक्के सीपीयू खात लटकला होता.

ट्रंकेट (फाइल छोटी करणं) आणि पेज फॉल्टची (मेमरीत नसलेलं पान मागवणं) रेस हा मोठा विषय आहे, त्यात आम्ही पडलो नाही कारण आमच्या क्लिप एममॅप (फाइल थेट प्रोग्रामच्या मेमरीत जोडणं) होत नाहीत. तुमच्या होत असतील तर ५.१५ पासून ॲड्रेस स्पेसमध्येच इनव्हॅलिडेट_लॉक आहे, त्याआधी एक्सटी४ आणि एक्सएफएस यासाठी आपापली वेगळी लॉक ठेवायचे. पेज कॅशमधून पानं काढताना ते लिहायला घ्या, फॉल्टमध्ये वाचायला, स्वतःचं नवं काही शोधू नका. अनमाउंटच्या वेळी "बिझी इनोड्स आफ्टर अनमाउंट" येत असेल तर आधी मागे राहिलेली वर्कक्यू (नंतर करायच्या कामांची रांग) बघा, बहुतेक वेळा एखादं डिलेड वर्क इनोड धरून झोपलेलं असतं, कॅन्सल_डिलेड_वर्क_सिंक ते संपेपर्यंत थांबतं, नुसतं कॅन्सल थांबत नाही.

आणि टेबलाच्या व्याख्येच्या वर आता आमच्याकडे कॉमेंट आहे, कुठलं फील्ड कुठल्या लॉकखाली, एकेका ओळीत. ती लिहायला अख्खी दुपार गेली, कारण चार फील्डबद्दल आमच्यातच एकमत नव्हतं, आणि त्या चारपैकी दोनमध्ये खरोखर गडबड निघाली. त्या दोन ओळी लिहिल्या नसत्या तर आणखी दोन वर्षांनी कुणीतरी परत यूपीएस बदलत बसलं असतं.

नवा मॉड्यूल भिवंडीला फेब्रुवारीत गेला, अख्खा पावसाळा धरून आजपर्यंत एकदाही पडला नाही. डिले कोडमध्येच आहेत, डीबग कॉन्फिगच्या आड, रोज रात्रीच्या बिल्डमध्ये चालू असतात. गेल्या शुक्रवारी त्याच बिल्डमध्ये लॉकडेपने (लॉक घेण्याचा क्रम तपासणारं कर्नलमधलं टूल) एक नवीन तक्रार दिली, क्लिप चालू यादीतून जुन्या यादीत हलवताना एक फंक्शन आधी चालूचं लॉक घेतं मग जुन्याचं, आणि फुटेज परत आणणारं फंक्शन उलट. प्रत्यक्ष अडकलेलं कुणी नाहीये, पण लॉकडेपला दोन क्रम वेगवेगळ्या वेळी दिसले तरी पुरतात, २००६ पासून, २.६.१८ पासून ते हेच काम करतंय. दोन्ही यादी एकाच प्रकारच्या आहेत म्हणून ज्याचा पत्ता लहान त्याचं लॉक आधी असा क्रम ठरवलाय, पॅच त्या पोरीनेच लिहिलाय, आणि यावेळी कागदावरची दोन कॉलमची आकृती तिने मी न सांगताच सोबत जोडलीय. सोमवारी रिव्ह्यू आहे.